दर पाच सेकंदांनी हजर

उदगीर जिल्हा झाला असता तर हणमंतराव जाहूरकरांच्या पदरात नेमकं काय पडणार होतं, ते आधी मोजून घेऊ. कलेक्टर कचेरीत आपत्तीच्या बैठकीला एक खुर्ची. भिंतीकडची का होईना, पण हातांची. दारावर लावायला नावाची पाटी. पाठीवर 'जिल्हा समन्वयक' असं छापलेलं एक नारिंगी जाकीट, मुखेडच्या उन्हात माणूस उकडून निघेल असलं. आणि बशीसकट चहा. पगार नाही, भत्ता नाही. हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळात कुणालाच काही मिळत नाही, मिळतं ते नाव. हणमंतरावांना तेवढंच हवं होतं.

साल दोन हजार सोळा. त्या उन्हाळ्यात लातूरला पाणी रेल्वेनं येत होतं आणि नवा जिल्हा नुसत्या बोलण्यातून येत होता. उदगीर जिल्हा होणार, मुखेड नांदेडातून काढून त्याला जोडणार, कुणी म्हणे बिलोलीही जाणार. चहाच्या टपरीवर रोज सकाळी हद्दी आखल्या जात आणि दुपारपर्यंत बदलत. प्यायला पाणी नव्हतं, पण जिल्ह्याला सगळ्यांची कबुली होती.

हणमंतराव टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले. गावाकडची जमीन धाकटा भाऊ बघायचा. यांचा जीव मुखेडच्या घराच्या माळवदावर, वीस फुटी पाइपावरच्या अँटेनात. शहाऐंशी साली त्यांनी रेडिओचा परवाना काढला तो मोर्सची परीक्षा देऊन. हवेवर बोलताना माणूस परवान्यावरचं आपलं नाव सांगतो, त्याला कॉलसाइन म्हणतात. मोर्स पास झालेल्याच्या कॉलसाइनमध्ये दोनचा आकडा असतो, न दिलेल्याच्या तीनचा. कुणाचाही आवाज आला की हणमंतराव आधी आकडा ऐकत, मग माणूस. गावात काही लोक पाणी देण्याआधी आडनाव विचारतात, त्यातलाच प्रकार.

सिंधु सोनकांबळे तीनवाली. शिरूर अनंतपाळला शाळेत विज्ञान शिकवायची. तिला या नादाला लावलं ते हणमंतरावांनीच. दीड वर्ष दर रविवारी ती एसटी बदलत मुखेडला यायची. त्यांच्या पत्नी कस्तुराबाई तिला भाकरी वाढायच्या आणि हणमंतराव कंडेन्सर समजावून सांगायचे. ती पास झाली त्या दिवशी त्यांनी गल्लीत पेढे वाटले. शिष्य वाढलेला गुरूला आवडतो, पण खांद्यापर्यंत.

त्या वर्षी उदगीरच्या मोंढ्यातल्या अडत्यांनी एक ट्रस्ट काढून अकरा टँकर फुकट सोडले. फुकटच्या पाण्याला वाटेत पाय फुटतात. टँकर निघायचा वाडीला आणि रिकामा व्हायचा ढाब्यावर. जळकोटाकडच्या डोंगरात मोबाइलला रेंज नाही, विचारणार कुणाला? तेव्हा सिंधु ट्रस्टकडे एक डबी घेऊन गेली. ही डबी टँकरमध्ये ठेवायची. ती उपग्रहाकडून स्वतःची जागा काढते आणि दर दोन मिनिटांनी रेडिओवर 'चर्र' असा सेकंदभराचा आवाज सोडते. त्या आवाजात जागा, वेळ आणि परवानेवाल्याचं नाव भरलेलं असतं. उंचावर दुसरं एक यंत्र बसवायचं, रेडिओवाले त्याला डिजी म्हणतात. ते जे ऐकेल तेच पुन्हा मोठ्यानं बोलतं. सिंधुनं डिजी शिरूरच्या पाण्याच्या टाकीवर चढवला. टाकी कोरडीच होती, तिचा त्या वर्षी तेवढाच उपयोग. उदगीरला ट्रस्टच्या ऑफिसात कॉम्प्युटर, कॉम्प्युटरवर नकाशा, नकाशावर ट्रकचं चित्र. ट्रक हलला की चित्र हललं. हाच नकाशा हणमंतरावांच्या घरच्या कॉम्प्युटरवरही दिसायचा. आपत्तीचं काम म्हणून परवानगी मिळाली आणि पहिल्या आठवड्यातच ढाब्यांवरचं पाणी कमी झालं.

इथपर्यंत सगळं ठीक. पण कायदा असा, की डबी कुणाच्याही गाडीत असो, नाव परवानेवाल्याचंच जाणार. पुढे फक्त गाडीचा आकडा. टँकर अकरा आणि डब्या सिंधुच्या. त्यामुळे जळकोटपासून शिरूरपर्यंत नकाशाभर सिंधु. सिंधु एक, सिंधु दोन, सिंधु सात, सिंधु अकरा. आणि वरच्या कोपऱ्यात, मुखेडला, एका लहानशा घराचं चित्र. ते हणमंतराव. ते काही केल्या हलत नव्हतं.

"काय बघून राहिलाव मघापासून?" कस्तुराबाईंनी एका सकाळी विचारलं.

"टँकर."

"आपल्या गल्लीत येलालाय का?"

"न्हाई. जळकोटाकडं चाललाय. सिंधुचा सहा नंबर."

"मग चहा घ्या. तुमी बघितल्यानं तो लवकर पोचंना."

"सिंधुचा कसा म्हणतो बघ मीबी. टँकर ट्रस्टचा, पाणी ट्रस्टचं, डिझेल ट्रस्टचं. नाव तेवढं तिचं."

"तुमीच शिकवलं की तिला."

"शिकवलं, म्हणून तर."

"म्हणून तर काय?"

हणमंतरावांनी चहाचा कप उचलला आणि पुन्हा नकाशाकडे पाहिलं. सहा नंबर एक बोटभर पुढे गेला होता.

"लोकांच्या बायकांना सवत येती," कस्तुराबाई म्हणाल्या. "हितं नवऱ्याला आली. तीबी नकाशावर."

रविवारी सकाळी आठ वाजता मंडळाची हवेवर हजेरी होते. लातूरचे वीरण्णा, रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवून म्हातारे झालेले, मंडळाचे सेक्रेटरी, एकेकाचं नाव पुकारतात आणि जो तो आपापल्या घरून 'हजर' म्हणतो. त्या रविवारी हजेरी संपल्यावर वीरण्णा म्हणाले, "उदगीर जिल्हा झाला तर तिथं आपला समन्वयक द्यावा लागंल. आपसात तंटा नको. नकाशा कुणाचं स्टेशन किती वेळा ऐकू आलं हे मोजतोच. मेअखेर ज्याचा आकडा मोठा, त्याचं नाव मी धाडतो." वीरण्णा भला माणूस. भली माणसं भांडण टाळायला माप आणतात, मग भांडण मापानं वाढतं.

हजेरीनंतर सिंधुचा फोन आला.

"काका, चार टँकरवर तुमच्या नावाच्या डब्या लावू का? मला तसंही अकरा सांभाळणं जड जातंय."

हा देकार घेतला असता तर गोष्ट इथंच संपली असती. हणमंतराव म्हणाले, "मला उसनं नाव नको, बाई. तीस वर्षं झाली मला हवेवर."

फोन ठेवला आणि त्याच दिवशी त्यांनी हैदराबादेहून तीन डब्या मागवल्या.

एक स्वतःच्या स्कूटरवर बांधली. एक मेहुण्याच्या, ज्ञानोबाच्या, दुधाच्या जीपमध्ये ठेवली. तिसरी माळवदावर, पाण्याच्या रिकाम्या पिंपावर. चालत्या गाडीनं दोन मिनिटांनी बोलावं आणि घरानं अर्ध्या तासानं, असा रिवाज. हणमंतरावांनी तिन्ही डब्यांना पाच सेकंद लावले. वर स्वतःचा डिजी चढवला, सिंधुच्या डिजीपेक्षा पाचपट ताकदीचा.

मग काय विचारता. हणमंतराव दुधाच्या कॅनांसंगे बाऱ्हाळीला चालले, हणमंतराव मुक्रमाबादच्या डेअरीपुढं थांबले, हणमंतराव स्कूटरवर बसून पोस्टात गेले, आणि त्याच वेळी हणमंतराव घरीही होते. तीन दिवसांत आकडा सिंधुच्या वर गेला. चौथ्या दिवशी दुप्पट. कस्तुराबाई म्हणाल्या, ज्ञानोबा विचारत होता, जीपमध्ये किडा चर्र चर्र का करतो. हणमंतरावांनी त्याला सांगितलं की सरकारी काम आहे. पहिल्यांदाच त्यांना सकाळचा चहा गोड लागला.

फक्त एक गोष्ट होती. या सगळ्या डब्या एकाच फ्रिक्वेन्सीवर बोलतात. अरुंद आडासारखा हिशेब: एका वेळी एकच पोहरा सोडायचा, दोघांनी सोडला तर दोघांचा सांडतो. हे सिंधुला शिकवलं होतं हणमंतरावांनीच, परसातल्या आडाकडे बोट दाखवून. तरी त्यांनी हे केलं ते ठाऊक असून, की विसरून? दोन्ही. जळणाऱ्या माणसाला सोयीचं तेवढं विसरता येतं.

मंगळवारी सहा नंबरच्या टँकरवर मलप्पा होता. मलप्पा देगलूरकडचा, अर्धं मराठी आणि अर्धं कानडी बोलणारा, आणि अकरा ड्रायव्हरांत एकटाच असा, की ढाब्यावर पाणी विकल्याची त्याची एकही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती. टँकर सावरवाडीला चालला होता. सकाळी अकराला तो जळकोट फाट्यावरच्या ढाब्यासमोरून गेला. तिथून त्याच्या डबीनं सोडलेला आवाज उदगीरला पोचला. पुढचा पोचला नाही, त्याच्या पुढचाही नाही. मधे सगळे हणमंतराव होते.

नकाशावरचं चित्र थांबतं तेव्हा त्याचे दोन अर्थ असतात: गाडी थांबली, किंवा गाडीचं कुणी ऐकलं नाही. ट्रस्टचे अध्यक्ष महादेवप्पा तुरीचे अडते. त्यांना पहिलाच अर्थ माहीत. अकरापासून दोनपर्यंत ते कॉम्प्युटरपुढं बसले आणि ढाब्यासमोर उभा असलेला टँकर बघत राहिले. बाकीची चित्रंही अडखळत होती, पण ढाब्यासमोर अडलेलं हे एकच. चारला मलप्पा रिकामा टँकर घेऊन मोंढ्यात शिरला.

"पाणी कुठं दिलास?"

"सावरवाडीला, साहेब."

"नकाशा मनतोय ढाब्यावर दिलास."

"मी थांबलोच न्हाई ढाब्याला. वाडीत विचारा की."

"वाडीतल्यांना काय विचारायचं? ते पाण्याखातर काय बी मनतील. माणूस खोटं बोलतो, मशीन बोलत न्हाई. किल्ली ठेव."

मलप्पानं किल्ली टेबलावर ठेवली आणि चप्पल घालून निघून गेला. सावरवाडीला कुणी विचारायला गेलं नाही. दुसरा ड्रायव्हर मिळेना, म्हणून सहा नंबर मोंढ्यात उभा राहिला. आता मात्र चित्र थांबलं ते खरोखरच.

गुरुवारी दुपारी सिंधु मुखेडला आली. कडक ऊन, डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी. कस्तुराबाईंनी तांब्याभर पाणी दिलं. ती अर्धंच प्यायली आणि उरलेलं परत हंड्यात ओतलं. मग पिशवीतून कागद काढून हणमंतरावांपुढं ठेवले.

"काका, मंगळवार. अकरा ते दोन. उदगीरच्या कॉम्प्युटरनं जे जे ऐकलं ते सगळं ह्याच्यात आलंय."

हणमंतरावांनी चष्मा लावला. ओळी एकवीसशे. त्यातल्या दोन हजार एक्क्याण्णव ओळींच्या सुरुवातीला एकच नाव होतं.

चोर घरात शिरताना तोंड बांधतो. हणमंतराव दर पाच सेकंदांनी नाव, पत्ता आणि वेळ सांगत शिरले होते. बेनामी डबी लावली असती तर सापडले नसते. पण बेनामी डबीचा उपयोग काय? आकडा बेनामी माणसाचा वाढला असता.

"फ्रिक्वेन्सीवर गर्दी झाली असंल," ते म्हणाले.

"कुणाची?"

"तुझ्या डब्यांची ताकदच कमी हाय. मी मागंच मनलो होतो."

"काका, मलप्पाची किल्ली काढून घेतली."

"मी काढली का?"

"न्हाई. उद्या ट्रस्टची बैठक हाय, वीरण्णा पण येणारेत. तुम्ही तेवढं सांगा, की आवाज तुमचा होता, टँकर चालू होता."

हणमंतरावांनी कागदाची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. डोळ्यांपुढं खुर्ची आली. "मी सांगंन, की त्या दिवशी फ्रिक्वेन्सीवर गर्दी होती. त्याच्याउप्पर माझ्याकडनं व्हायचं न्हाई."

सिंधु म्हणाली, "बरं. मग मी सांगते माझ्या डबीत दोष होता."

"ते का म्हणून?"

"दोष कुणाचा तरी असल्याशिवाय महादेवप्पा ऐकणार न्हाईत. मलप्पाचा न्हाई, तुमचा न्हाई. मग उरलं कोण?"

कागद गोळा करून ती उठली. दारात कस्तुराबाई तिच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलल्या. खिडकीतून हणमंतरावांना ऐकू आलं नाही. दिसलं इतकंच, की कस्तुराबाईंनी पदर तोंडाला लावला, आणि त्या रडत नव्हत्या.

शुक्रवारची बैठक मोंढ्यातल्या हॉलमध्ये. पंखा फिरत होता, वारा येत नव्हता. अडते, ड्रायव्हर, वीरण्णा, आणि तिसऱ्या रांगेत हणमंतराव, इस्त्रीच्या सदऱ्यात. सिंधु उभी राहिली आणि चार वाक्यांत बोलून मोकळी झाली: मंगळवारी सहा नंबरचा टँकर चालूच होता, डबीचं बोलणं पोचलं नाही, डबी माझी, चूक माझी, मलप्पानं काही केलेलं नाही.

महादेवप्पा खुर्चीत पुढं सरकले.

"बाई, मी चाळीस वर्षं मोंढ्यात काढली. मापात चूक झाली तर हमाल मनतो काटा खराब, काटेवाला मनतो हमाल खराब. भर सभेत माझी चूक मनणारं माणूस मला आज दिसलं." त्यांनी वीरण्णांकडे पाहिलं. "तुमचं ते समन्वयकाचं काय मनत होता? असं माणूस पाहिजे त्या खुर्चीवर. आकडा-बिकडा सोडा."

वीरण्णांनी मान डोलावली. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या. ड्रायव्हरांनी जरा जास्तच वाजवल्या.

तिसऱ्या रांगेत हणमंतरावांच्या कानशिलांतून वाफ निघायला लागली. डब्या त्यांनी मागवल्या. पाच सेकंद त्यांनी लावले. डिजी त्यांनी भर उन्हात एकट्यानं माळवदावर चढवला. दोन जिल्ह्यांची हवा बंद पाडायची हिकमत त्यांची, आणि टाळ्या तिला? टँकर तिचे, नकाशा तिचा, आणि आता चूकसुद्धा तिचीच?

ते उभे राहिले.

"ही चूक तिची न्हाई," ते म्हणाले. "माझी हाय."

टाळ्या थांबल्या.

"हणमंतराव, बसा," वीरण्णा म्हणाले. "बाईंनी सांगितलंय सगळं."

"तिला काय माहीत? तिला असली चूक जमणारबी न्हाई. तीन डब्या, पाच-पाच सेकंदांवर, वर पाचपट ताकदीचा डिजी. तुमी हिशेब करा, मिनिटात जागा किती उरती. हे तीनवाल्याचं काम हाय का?"

"मंजे," वीरण्णा सावकाश म्हणाले, "तुमी मुद्दाम केलाव?"

"मुद्दाम. आकड्यासाठी. दुसऱ्या कुणाचं नाव लावू नका त्याला."

सिंधुनं मान वर केली नाही. पुरावा म्हणून आणलेले कागद तिनं पिशवीतून बाहेरसुद्धा काढले नव्हते.

महादेवप्पांनी घसा खाकरला. "मलप्पाला बोलवा रे."

मागून एक ड्रायव्हर म्हणाला, "मलप्पा न्हाई, साहेब. काल सकाळच्या गाडीनं हैदराबादला गेला. सेंटरिंगच्या कामावर."

आता शेवटची बेरीज.

उदगीर जिल्हा झाला नाही. मुखेड नांदेडातच राहिलं, बिलोलीही. त्यामुळे खुर्ची कुणालाच मिळाली नाही, आणि जाकीट छापलंच गेलं नाही. हणमंतरावांनी तिन्ही डब्या काढल्या. त्यांचं काही गेलं असं म्हणावं तर तसंही नाही. मुखेडात अजून सांगतात, जाहूरकरांनी भर सभेत आपली चूक कबूल केली, असली माणसं आता राहिली नाहीत. हणमंतराव हे ऐकून घेतात आणि खाली बघतात, त्यानं तर इज्जत आणखी वाढते. कस्तुराबाईंना खरं काय ते ठाऊक आहे, पण त्यांना हसायला आयुष्यभराचं भांडवल मिळालं, म्हणजे त्याही फायद्यातच. सिंधुचं रविवारचं मुखेडला येणं बंद झालं. हजेरीला ती असते, नाव पुकारलं की 'हजर' म्हणते, काका म्हणून वेगळी हाक मारत नाही. हे हणमंतरावांना टोचतं की नाही, ते त्यांनी अजून स्वतःलाही सांगितलेलं नाही. वीरण्णांनी आकडे मोजणं सोडलं. मलप्पा परत आला नाही, आणि मोंढ्यातले निम्मे लोक आजही म्हणतात, काहीतरी असल्याशिवाय माणूस पळत नाही.

राहिली सावरवाडी. बुधवार, गुरुवार, शुक्रवार असे तीन दिवस तिथं टँकर गेला नाही. बौद्ध वस्तीची आणि मजुरांची मिळून त्रेचाळीस घरं. पाणी दोन कोसांवरच्या एका मळ्यातल्या विहिरीला. तिथं मळेवाल्याच्या घरचं, मग त्याच्या गुरांचं भरून होईपर्यंत बाजूला बसायचं, आणि मग तो वरून ओतील तेवढं घ्यायचं. तिथल्या सरजाबाई पासष्ट वर्षांच्या, घरात सून बाळंतीण. तीन दिवसांत एकट्या सरजाबाईंच्या खेपा सात झाल्या. जाताना दोन कोस, येताना दोन कोस, आणि येताना डोक्यावर दोन घागरी.